कळंबोलीचा जहाल, ओव्याचा मवाळ

डॉक्टर, परवा तुमची शोकसभा झाली. तुमच्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यातलं निम्मं धादांत खोटं होतं, आणि मी ते गप्प बसून ऐकलं. एक गृहस्थ म्हणाले, डॉक्टर अत्यंत शांत स्वभावाचे होते. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. लोकांना वाटलं, बिचाऱ्या रडतायत. दुसरे उठले आणि म्हणाले, डॉक्टरांनी आयुष्यात कधी कोणाशी वाद घातला नाही. तेव्हा मात्र मला असा ठसका लागला की शेजारच्या बाईंनी आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पाठीवरून हात फिरवला.

मला पण बोलायचा आग्रह झाला. इतकी वर्षं बरोबर काम केलंत, दोन शब्द बोला म्हणाले. दोनच शब्द म्हणाल तर माझ्याकडे ‘हट्टी’ आणि ‘हेकट’ एवढे तयार होते, ते शोकसभेत चालत नाहीत. मी मान हलवून नको म्हटलं. खरं कारण मात्र वेगळं. तुम्ही जायच्या आधी महिनाभर आपण बोलत नव्हतो आणि शेवटचं वाक्य माझं होतं. ते इतकं वाईट होतं की ते मनात घेऊन माइकसमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. ते सांगणार आहे, पण पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही हिस्टरी नीट घेत नाही.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये आलात तेव्हा सकाळी साडेसातची वेळ होती. उपाशीपोटी साखर तपासायला आलेले आठ-दहा पेशंट रांगेत बसलेले, सगळे भुकेने वैतागलेले. तुम्ही थेट काउंटरवर येऊन रक्ताची काच ठेवलीत आणि म्हणालात, “बाई, यात काय दिसतं तेवढं सांगा. कोणाचं रक्त ते विचारू नका.” मला राग आला, पण काच नीट केलेली होती, थेंब छान पसरलेला होता, म्हणून बघितली. लाल पेशींच्या आत बारीक बारीक गोल दिसत होते. मी म्हटलं, “मलेरियासारखं काहीतरी आहे, पण मलेरिया नाही. आणि या पेशंटच्या पेशी अशा लहान का? कुठे आहे हा माणूस, त्याला आधी अॅडमिट करा.”

“खाली रिक्षात बसलाय,” तुम्ही म्हणालात. “भुंकतोय.”

त्या दिवशी मी तुम्हाला हाकलून द्यायला हवं होतं. मी माणसांचं रक्त बघणारी बाई. पण तुम्ही तिथेच उभे राहून मला गोचीड ताप शिकवायला लागलात. गोचीड कुत्र्याला चावते, तिच्या थुंकीतून हा जंतू रक्तात शिरतो, लाल पेशीत घर करतो आणि निघताना ती पेशी फोडतो. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी काळ्या चहासारखी होते, कुत्रा खाणं सोडून कोपऱ्यात पडून राहतो. रांगेतले एक काका म्हणाले, आमची साखर आधी बघता का? तुम्ही त्यांना म्हणालात, साखर कुठे पळून जात नाही, हा जंतू दर तासाला पेशी फोडतोय. काका उठून गेले. आमच्याकडे ते परत कधी आले नाहीत.

मग ते रोजचंच झालं. पनवेलातला तुमचा दवाखाना ते माझी लॅब, तुमची ती खटारा स्कूटर, आणि काचा. प्रत्येक काचेबरोबर चिठ्ठी. आणि दोन-तीन वर्षांत तुमचा तो सिद्धांत सुरू झाला, ज्याने माझं डोकं पुढची सगळी वर्षं खाल्लं.

तुमचं म्हणणं असं, की जंतू दिसायला एकच असला तरी त्याचे वाण वेगळे. कळंबोलीच्या कुत्र्याला झाला की कुत्रा चार दिवसांत आडवा होतो, ओवे गावातल्या कुत्र्याला झाला की दोन दिवस जरा सुस्तावतो आणि तिसऱ्या दिवशी कोंबडीच्या मागे लागतो. म्हणून कळंबोलीचा जंतू जहाल आणि ओव्याचा मवाळ. नावंसुद्धा अशी दिलीत की जणू दोघांचं पुढच्या महिन्यात अधिवेशन भरणार आहे. मी म्हटलं, “वाण असायला तो काय भात आहे का?” तुम्ही म्हणालात, “भाताला असतात, आंब्याला असतात, मग जंतूने काय घोडं मारलंय?”

कारणही तुमच्याकडे तयार होतं. कळंबोलीला देशभरातून ट्रक येतात. ट्रकबरोबर माल येतो, मालावर बसून कुत्री येतात, कुत्र्यांवर बसून गोचिडी येतात. तिथला जंतू म्हणजे दहा गावचं पाणी प्यालेला. एक कुत्रा मेला तर त्याला फिकीर नाही, उद्या दुसरा ट्रक येतोच आहे. ओवे जुनं गाव. तिथे त्याच कुत्र्यांत, त्यांच्या पिल्लांत, त्यांच्या पिल्लांच्या पिल्लांत जंतूला दिवस काढायचे आहेत. घरमालकालाच मारलं तर राहणार कुठे? म्हणून तो बेताबेताने राहतो. हे तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात की ओव्याचा जंतू तुमचा भाचा असावा असं वाटायचं.

मला ते कधीच पटलं नाही. मी म्हणायचे, जंतू तोच, कुत्रा वेगळा. ओव्याच्या कुत्र्याला लहानपणापासून गोचिडी चावतात, थोडा थोडा ताप येऊन जातो, त्याचं रक्त शहाणं होतं. कळंबोलीच्या सोसायटीतला लॅब्रॅडॉर गादीवर वाढलेला. त्याला पहिली गोचीड चावते तीच तिसऱ्या वर्षी. तो आडवा होणार नाही तर काय? “तुम्ही कुत्र्याकडे बघा,” मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, “तुम्ही जंतूकडे बघा.” आपण कुत्र्यांचे डॉक्टर असून जंतूची बाजू घेतोय आणि जंतू बघणारी बाई कुत्र्याची, हे तुमच्या लक्षात आलं तेव्हा तुम्ही माझ्या काउंटरवर डोकं ठेवून हसला होतात.

आता ती स्कूटरची गोष्ट. ती तुम्ही चारचौघांत नेहमी अर्धीच सांगायचात, मी पुरी सांगते.

सुरुवातीची पाच-सहा वर्षं कळंबोलीच्या काचा मोजताना माझे रिपोर्ट भयंकर यायचे. जितके जंतू जास्त तितके प्लस जास्त. ओव्याच्या काचेत एक प्लस, कळंबोलीच्या काचेत तीन, चार. तुम्ही खूश. बघा बाई, जहाल आहे की नाही, तुमच्याच डोळ्यांनी सांगितलं. मलाही उलट काही बोलता येईना, कारण मोजलेलं मीच होतं. मग एक दिवस मी चार प्लस दिलेला कुत्रा तुमच्या मागोमाग लॅबमध्ये शिरला, काउंटरवर पुढचे पाय टाकून उभा राहिला आणि माझ्या डब्यातली पोळी त्याने खाल्ली. तुम्ही रिपोर्ट वाचलात, कुत्र्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “बाई, तुमच्या रिपोर्टप्रमाणे हा परवाच वारलाय.”

मी काच परत लावली. नीट, पाऊण तास बघितली. जे मी जंतू म्हणून मोजत होते, त्यातले पुष्कळसे ठिपके पेशीच्या आत नव्हतेच. वर बसले होते. काळे, टोकेरी. मी तुम्हाला विचारलं, काच वाळवता कशी? तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगितलंत, कळंबोलीहून निघताना ओली काच स्कूटरच्या आरशाच्या दांडीला रबरबँडने लावतो, इथे पोचेपर्यंत वाऱ्यावर मस्त वाळते. म्हणजे कळंबोलीच्या लोखंड बाजारातून, जिथे दिवसभर पत्रे कापतात आणि गज कापतात, त्या धुरळ्यातून तुम्ही ओलं रक्त मिरवत आणत होतात! ओव्याची काच मात्र तुमच्या तिथल्या गिऱ्हाइकाच्या, बाळारामच्या ओटीवर, सावलीत, घरच्या पंख्याखाली वाळायची.

तुम्हाला पटेना. तुम्हाला कधी काही पटलंय? म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही नवी कोरी काच घेतलीत, तिला रक्ताऐवजी जरासा अंड्याचा पांढरा बलक फासलात, आणि आरशाला लावून लोखंड बाजाराला दोन चकरा मारून आलात. मी ती लॅबच्या रंगात रंगवून बघितली. रक्ताचा एक थेंब नसलेल्या काचेवर दोन प्लस. तुम्ही डोळा लावून बराच वेळ बघत बसलात आणि म्हणालात, “स्कूटरला गोचीड ताप झालाय.”

एवढं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. पुढचं सांगत नव्हतात. चूक कोणाची यावरून आपण तासभर भांडलो. तुमचं म्हणणं, धूळ आणि जंतू यातला फरक लॅबवाल्या बाईला कळायला पाहिजे, आणि ते खरंच होतं. मी मलेरियावर हात बसलेली, कुत्र्याच्या रक्तात नवशिकी, आणि विचारायची लाज वाटायची म्हणून मोजत सुटले होते. पण मी कबूल कशाला करते! मी म्हटलं, रक्त म्हणजे काय पापड आहेत वाऱ्यावर वाळवायला? भांडून दमल्यावर तुम्ही पिशवीतून तुमची नोंदवही काढलीत. सहा वर्षांच्या कळंबोलीच्या नोंदी होत्या त्यात. जहाल जंतूचा सगळा पुरावा. माझ्यासमोर तुम्ही प्रत्येक पानावर लाल रेघ मारलीत, शेवटपर्यंत, एकही पान न वगळता. मग पेन खिशाला लावून म्हणालात, “चला, शून्यापासून.” आणि मला चहा पाजलात. चूक माझी होती आणि चहा तुम्ही पाजलात, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

त्या लाल रेघा मारणारा माणूस मला आठवायला हवा होता. योग्य वेळी आठवला नाही, हेच माझं दुखणं आहे.

त्यानंतर तुम्ही माझ्या प्लसांवर अवलंबून राहिला नाहीत. हिरड्यांचा रंग बघायचात, कुत्रा कितव्या दिवशी पहिला घास घेतो ते लिहायचात. तरीही कळंबोलीची कुत्री जास्त आजारी पडायची. मी म्हणायचे, अहो, कुत्री वेगळी आहेत! आणि मग बाळारामच्या कुत्रीला ती पिल्लं झाली.

बाळाराम, ओव्याचा. तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि एकमेव माणूस जो तुम्हाला फीऐवजी खाडीतला जिताडा मासा आणून द्यायचा. त्याच्या कुत्रीची दोन पिल्लं जगली. गुंड्या त्याने स्वतःकडे ठेवला. हिरो गेला त्याच्या जावयाकडे कळंबोलीला, भंगाराच्या यार्डात राखणीला. वर्षभराने दोघांनाही एकाच महिन्यात ताप आला. गुंड्या दोन दिवस ओटीखाली झोपला आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या सुकटीवर तुटून पडला. हिरोच्या हिरड्या कागदासारख्या झाल्या. आठ दिवस तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ कळंबोलीला जात होतात. तो वाचला, पण अगदी काठावरून.

तो वाचल्याची खात्री झाल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात, आणि तुमचा चेहरा असा, की जणू मुलगा दहावीला पहिला आलाय. “सख्खे भाऊ, बाई! एक आई, एक वेत! आता बोला.” मी पण काय कमी आहे? मी म्हटलं, एक आई असली म्हणून काय झालं, हिरो दोन महिन्यांचा असताना तिकडे गेला. तो पत्र्यावर तापत होता, वडापाव खात होता. गुंड्या इथे मासे खाऊन, गोचिडी खाऊन, ताप पचवून मोठा झाला. तुम्ही म्हणालात, “ठीक आहे. मग ओव्यात मोठा झालेला, ताप पचवलेला कुत्रा कळंबोलीला गेला आणि तरी आडवा पडला, तर मानाल?” मी म्हटलं, मानेन. “आणि नाही पडला तर मी मानेन,” तुम्ही म्हणालात. काउंटरवर हात मारून पैज ठरली. पण असा कुत्रा कोण नेणार आणि कशाला? म्हणून आपण दोघं निर्धास्त होतो. मुद्दाम नेऊन बघायचं, हे तुमच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही.

आणि मग दीड महिन्यापूर्वी तुमचा फोन आला. मंगळवार, दुपारी. तुम्ही इतके उत्तेजित की वाक्यं एकमेकांवर आदळत होती. हिरोने भंगारचोरांशी दोस्ती केली होती म्हणे. चोर आले की शेपटी हलवायचा, एकाने तर त्याला पट्टा आणून दिला होता. जावई वैतागला आणि बाळारामला म्हणाला, मामा, तुमचा गुंड्या द्या. गुंड्या दुसऱ्या दिवशी कळंबोलीला निघाला होता. “बाई, आपोआप! आपण काही केलं नाही, आपोआप जुळून आलं!”

मी म्हटलं, “जाण्याआधी त्याच्या मानेवर गोचिडीचं औषध घाला.”

आणि तुम्ही म्हणालात, “घातलं तर आपल्याला कळणार कसं?”

आता शांतपणे विचार केला तर कळतं की ते वाक्य तुमच्या तोंडून सुटलं होतं. उत्साहात. लहान मुलगा फटाका बघून हात पुढे करतो तसं. अजून एक क्षण थांबले असते तर तुम्ही स्वतःच म्हणाला असतात, छे छे, घालतोच. पण मी थांबणारी बाई नाही. माझ्या तोंडाला लगाम नाही हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. मी म्हटलं, “म्हणजे गुंड्या मेला तरी चालेल, तुमचं खरं झालं म्हणजे झालं. तुम्ही कुत्र्यांचे डॉक्टर नाहीच. तुम्ही गोचिडींचे डॉक्टर आहात.”

तुम्ही “बरं” म्हणालात आणि फोन ठेवलात.

इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी नुसतं ‘बरं’ म्हणाला नव्हतात.

मग महिनाभर अबोला. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, आणि शाळेतल्या बाकावर रेघ मारून बसल्यासारखी वागली. तुमच्या काचा रिक्षावाल्याबरोबर यायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. एरवीच्या चिठ्ठीत ‘जहाल की मवाळ? लावता पैज?’ असायचं, आता नुसतं ‘कुत्रा, नर, वय चार’. मी पण रिपोर्टवर नुसतं ‘निल’ नाहीतर ‘एक प्लस’ लिहून परत पाठवायचे, एक अक्षर जास्त नाही. रोज सकाळी करंजाड्याहून लॅबला येताना ठरवायचे, आज फोन करायचा. मग वाटायचं, मी का करू, त्यांनी करावा. एकदा नंबर लावला सुद्धा, आणि पहिली रिंग वाजायच्या आत बंद केला. वाटलं, उद्या करू. घाई काय आहे?

शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन आला. “नलिनी, हे गेले गं,” एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, कुठे गेले? खरंच विचारलं. इतकी मूर्ख मी.

आणि आज, तेरा दिवसांनी, सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी पेशंट रांगेत बसलेले असताना बाळाराम आला. बरोबर दोरीला बांधलेला गुंड्या. तेल लावल्यासारखा चकचकीत, कान टवकारलेले, दोन पेशंटच्या पिशव्या हुंगून झाल्या. बाळाराम दारातूनच धडाधडा बोलायला लागला, पाठ केलेली कविता म्हणावी तसा. “बाय, ह्या गुंड्या. कलंबोलीला दीड म्हैना झाला. आपसूक बरा रायला. कायच औषध नाय घातला. डाक्टरांनी सांगलं होतं, दीड म्हैना झाला का बायकडं नेऊन रगत तपासा.”

मी म्हटलं, “औषधाचं मी विचारलं का?”

बाळारामने गुंड्याची दोरी जवळ ओढली.

“बाळाराम, माझ्याकडे बघा. औषध घातलं होतं?”

“नाय.” मग गुंड्याकडे बघून, “नाय म्हंजे... बाय, मेल्या मानसाला सबूद दिला हाय मी. तो मोडला तं कसा व्हयाचा?” मी बघत राहिले. तुम्हाला माहीत आहे मी कशी बघते. बाळाराम बाकावर बसला आणि सगळं सांगून टाकलं.

“त्याच सांजचे आले ना डाक्टर ओव्याला. तोंड ह्येवढासा झालेला.  गुंड्याच्या मानेवर औषध घातलं. मंग दर आयतवारी कलंबोलीला येत, यार्डात. गुंड्याला आडवा पाडीत नि कानातल्या, बोटांतल्या गोचड्या हातानं काडीत. चार आयतवार आले. मी बोललो, डाक्टर, औषध घातलंय ना, मंग कशाला? तं बोलले, माजा आयतवारचा येल जात नाय.”

मी विचारलं, मग मला खोटं का सांगायचं?

बाळाराम दोरीशी चाळा करत म्हणाला, “मी पन तेच इचारलं. तं बोलले, बाय रुसलीय. कुत्रा औषधाबिगर बरा रायला असा कललं तं तिला वाटंल ती जिकली. जिकली का फोन करंल. तिच्या पोटात काय रात नाय.”

डॉक्टर, लॅबमध्ये सात पेशंट बसले होते आणि मी त्यांच्यासमोर हमसून हमसून रडले. त्यातल्या एका आजोबांना वाटलं, त्यांचाच रिपोर्ट वाईट आला. ते उभे राहून म्हणाले, बाई, जे असेल ते स्पष्ट सांगा, मला सवय आहे.

मग डोळे पुसले आणि गुंड्याच्या कानाच्या टोकाला सुई टोचली, तुम्ही टोचायचात तशी. त्याने हूं केलं नाही. थेंब पसरला, काच पंख्याखाली वाळवली, रंगवली. शंभर ठिकाणी बघितलं. मग परत शंभर ठिकाणी. डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून तिसऱ्यांदा. एक जंतू नाही. ना तुमचा जहाल, ना तुमचा मवाळ.

म्हणजे पैजेप्रमाणे मी जिंकले. तुम्ही सहा वर्षांच्या नोंदींवर लाल रेघ मारणारा माणूस, आणि माझा फोन यावा म्हणून तुम्ही पुरावा खोटा केलात. तोही माझ्या बाजूचा! तुमची आयुष्यभराची एक पैज, जुळून आलेली, आणि तुम्ही ती गुंड्याच्या मानेवर दोन थेंब टाकून संपवलीत. मी म्हटलं होतं तेच केलंत. मी म्हटल्यावर त्याच संध्याकाळी केलंत. आणि मी महिनाभर तोंड फुगवून बसले.

रिपोर्ट लिहिला. जंतू: निल. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘कुत्र्याला गोचिडीचं औषध दिलेलं होतं. यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.’ सही केली, शिक्का मारला. असा जिंकलेला वाद मला नको, डॉक्टर. तुमचा सिद्धांत खरा असेलही. मला अजून वाटतं की नसेल. पण तो खोटा ठरलेला नाही, आणि माझ्या लॅबमधून तसं कोणी म्हणणार नाही.

बाळारामने कागद उलटासुलटा करून बघितला. “मंग जिकला कोन, बाय? डाक्टर का तुमी?”

“गुंड्या,” मी म्हटलं. त्याला ते पटलं. तो कुत्र्याला घेऊन गेला, आणि मी आजोबांची साखर तपासली. नॉर्मल होती.

आता ते वाक्य. मी तुम्हाला गोचिडींचे डॉक्टर म्हणाले. ते साफ चुकीचं होतं. तुमच्याइतका कुत्र्यांचा डॉक्टर मी बघितला नाही, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच तर लागेल असं नेमकं तेच बोलले. माफ करा मला. आजवर एकदाही म्हटलं नव्हतं, आज म्हणते. एरवी माझं एवढं बोलून होईपर्यंत तुम्ही दहा वेळा मध्ये तोंड घातलं असतंत. घाला की.